मी फिरतच होतो

मी पंखा बोलतोय. छताला लोंबकळणारा नव्हे. त्याचं काय, खाली माणूस घोरत असतो आणि वर हा डुलत असतो. मी मोटारीचा पंखा आहे. बॉनेटखाली, पुढच्या जाळीमागे माझी जागा. तिथे नळ्यांची एक चपटी चाळण असते. कंडेन्सर म्हणतात तिला. गाडीतल्या एसीची गरमी तिच्यात येऊन साठते. समोरचा वारा त्या चाळणीतून आत ओढायचा आणि गरमी मागे लोटून द्यायची, हे माझं काम. गाडी पळत असली की वारा आपणहून येतो. गाडी उभी राहिली की सगळा भार माझ्यावर. म्हणजे लोक स्वस्थ बसतात तेव्हा मी राबतो.

मी तक्रार करत नाही. सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. काळं प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडलो. पाठीला मोटर बसवली, तिला दोन तारा, एक लाल आणि एक काळी. तपासणीच्या टेबलावर एक बाई होती. तिनं मला बोटानं फिरवलं, कान लावला आणि "हं" म्हणाली. कौतुक तेवढंच झालं. मला ते पुरलं.

पहिली गाडी एका डॉक्टरीणबाईंची. त्या दवाखान्याबाहेर गाडीतच जेवायच्या, एसी लावून. त्यांचं जेवण होईपर्यंत मी फिरायचो. एकदाही बंद पडलो नाही. मग एका ट्रकनं गाडीला मागून ठोकलं. बाई सुखरूप राहिल्या, गाडी गेली. मी पुढे होतो म्हणून वाचलो आणि भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडलो.

तिथे ऊन फार. लाल तार आणि काळी तार, उन्हानं दोघींचा रंग खाल्ला. दोघीही मातीच्या रंगाच्या झाल्या. पुढे जो गोंधळ झाला त्याचं मूळ एवढंच. माझा काही दोष नाही.

एक दिवस पांढऱ्या मिशांचा एक माणूस आला. लोकांच्या खिशात पेन असतं, ह्याच्या खिशात पकड होती. जन्मभर छापखान्यातली यंत्रं सांभाळून निवृत्त झालेला. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांनी मला बोटानं फिरवलं, कान लावला आणि "हं" म्हणाले. मला माणूस आवडला.

त्यांच्या गाडीचा जुना पंखा जळाला होता. त्या जागी मला बसवलं. माझा प्लग त्या गाडीच्या प्लगात बसेना. बाबांनी तो कापून टाकला, तारा सोलल्या आणि पिळून जोडल्या. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. कचेरीत साहेब झालेला, डोक्यावरचे केस गेलेला, पण घरी अजून बाळ्याच.

बाळ्या म्हणाला, "बाबा, कुठली तार कुठे, ते बघायला नको?"

"तारेला तार लागली की झालं. वीज काय पत्ता विचारत जाते?"

काळी पट्टी गुंडाळली. किल्ली फिरवली. मी फिरलो.

"फिरला!" बाबा म्हणाले.

"फिरला," बाळ्या म्हणाला.

विषय संपला. त्या घरात एक नियम आहे. बाबांनी केलं की झालं. त्यांनी हात लावलेल्या वस्तूला दुसऱ्यांदा कुणी हात लावून बघत नाही. बघितलं तर बाबा रागावत नाहीत. बोलायचे बंद होतात. ते जास्त वाईट.

माझ्या शेजारी रेडिएटरचा पंखा आहे. ह्याच गाडीबरोबर जन्मलेला, म्हणून स्वतःला घरचा समजतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "अरे, तू उलटा फिरतोयस."

मी म्हटलं, "तू उलटा."

"मी वारा आत ओढतो. तू बाहेर ढकलतोस. मी ओढलेला वारा तू परत पाठवतोस."

"मग तू ओढू नकोस."

त्यानंतर आम्ही बोललो नाही. नव्यानं राहायला आलेल्याला शेजारी काहीतरी सांगतच असतात. सगळं ऐकत बसलं तर कामं कधी करायची?

गाडी पळाली की एसी थंडगार. समोरचा वारा जोराचा, त्याच्यापुढे माझं ढकलणं चालायचं नाही. पण गाडी सिग्नलला थांबली की आतमध्ये गरम वाफ. गाडी निघाली की पुन्हा गार. बाबा कपाळाला आठी घालायचे. बाळ्या काच खाली करायचा. पहिले काही महिने एवढ्यावर भागलं.

मग सुनेनं केकचा व्यवसाय सुरू केला.

सून म्हणजे बाळ्याची बायको. बोलायला कमी, हाताला फार चांगली. घरीच केक करायची आणि गाडीतून पोचवायची. बाबा सारथी. भाड्याची गाडी बोलवू म्हटलं तर बाबा म्हणायचे, "घरात गाडी असताना? मी मेलोय का?" एकदा रेल्वेच्या फाटकात गाडी अडकली. मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत केकचा वरचा मजला खालच्या मजल्याला भेटायला आला. सून त्या दिवशी गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात खोकं होतं आणि डोळ्यांत पाणी. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे, म्हणजे बॉनेटकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी एसीवाला आला. त्याला सगळे बर्फ्या म्हणतात. लठ्ठ, हसतमुख आणि बाबांना भिऊन असलेला. त्यानं घड्याळं लावून गॅसचा दाब बघितला.

"गॅस बरोबर आहे, काका."

"मग?"

"चाळण धुऊन बघू."

इंजिन चालू ठेवून त्यानं चाळणीवर नळीनं पाणी मारलं. आतला एसी लगेच गार झाला. पाणी मात्र मी बर्फ्याच्याच तोंडावर परत उडवलं. त्यानं तोंड पुसलं. विचार केला नाही.

"बघा काका! पाण्यानं गार होतंय. म्हणजे चाळणीला वारा कमी पडतोय." तो वाकला आणि त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं. "पंखा तर फिरतोय."

"मी बसवलाय," बाबा म्हणाले.

"मग प्रश्नच नाही!" बर्फ्या ताबडतोब सरळ झाला. त्यानं कॉम्प्रेसरचा पट्टा काढला, बघितला, परत घातला. "कॉम्प्रेसर दमलाय, काका. वय झालं."

"वय झालं म्हणजे काय? माझं नाही झालं?"

"तुमचं कसं होईल, काका!"

बाळ्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता, एकेक गोष्ट तपासत चला. आतली हवेची जाळी साफ करा. बाळ्यानं केली. त्यात सुनेची हरवलेली केसांची पिन निघाली. मग माणूस म्हणाला, पंखा फिरतो का पाहा.

बाळ्यानं पाहिलं. "फिरतो. पुढे."

सगळेजण माझ्यापर्यंत यायचे, मला बघायचे आणि पुढे जायचे. मला वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. मी फिरतच होतो. माझ्यात खोट काढणार कोण?

शेवटी बाबांनी निकाल दिला. "दोष गाडीत नाही. दोष थांबण्यात आहे. थांबायचंच नाही."

आणि घरातल्या कुणालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही.

तेव्हाच सुनेला एक मोठं काम आलं. गावात समारंभाचं एक मोठं सभागृह आहे. तिथले मालक कडक माणूस. ते म्हणाले होते, "एक केक आणून दाखवा. धड पोचला तर पुढे आमच्याकडचे सगळे केक तुमचे. पण केक उभा आला पाहिजे. आडवे केक मी आयुष्यात खूप पाहिले." सुनेनं जागा घेऊन दुकान टाकायचं मनात धरलं होतं. ते सगळं ह्या एका केकवर येऊन थांबलं होतं.

बाबा सिग्नल नसलेला रस्ता शोधायला निघाले. गोदामांच्या मागून, कालव्याच्या कडेनं, दोन गल्ल्या उलट्या जाऊन, असा रस्ता त्यांनी काढला. सरळ रस्त्यापेक्षा दुप्पट लांब. पण थांबणं नाही. फक्त सभागृहाच्या अलीकडे एक गोल चौक होता, त्याला पर्याय नव्हता.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मागची सीट पाडून केक ठेवला. तीन मजली, पांढरा, वर साखरेची फुलं. त्याच्याजवळ सून गुडघे दुमडून बसली. बाळ्या पुढे, मोबाइल हातात. बाबा स्टिअरिंगवर.

"कुणाला काही लागणार असेल तर आत्ता सांगा. मग मी थांबणार नाही."

"बाबा, हळू," सून म्हणाली.

"हळू जाईन. पण थांबणार नाही."

गोदामं गेली, कालवा गेला. गाडी गार होती. बाबा मिशीत हसत होते. बाबांचा आवाज पत्र्यातूनही येतो, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. ते बाळ्याला सांगत होते, "बघ. डोकं वापरलं की यंत्राला गप्प बसावं लागतं."

मग तो गोल चौक आला. सभागृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ट्रक आडवा होऊन मागे येत होता, आणि वाहतूक हवालदारानं तो रस्ता अडवला होता. बाकीच्या गाड्या थांबल्या. बाबा थांबले नाहीत. त्यांनी चौकाला फेरी मारली. ट्रक तिथेच. आणखी एक फेरी. ट्रक तिथेच.

"बाबा, वळणावर केक झुकतोय!"

"कुठल्या बाजूला?"

"बाहेरच्या!"

"मग उलट्या बाजूनं फिरतो."

"नको बाबा!" बाळ्या आणि सून एकदम ओरडले.

आणखी फेऱ्या झाल्या. हवालदार आधी नुसता बघत होता, मग मान फिरवून बघू लागला, मग त्यानं शिट्टी वाजवली.

"काका, काही हरवलंय का?"

"नाही."

"मग काय शोधताय?"

"गारवा."

"गाडी बाजूला घ्या."

"थांबता येणार नाही."

"का? ब्रेक नाहीत?"

"ब्रेक आहेत. केक आहे."

हवालदारानं काठी आडवी धरली. बाबांना थांबावं लागलं. इंजिन त्यांनी बंद केलं नाही. पण गाडी उभी राहिली आणि आतली हवा तापायला लागली. मागे सुनेनं दोन्ही हात केकभोवती धरले. हात लावता येत नव्हते, नुसते धरले होते.

हवालदार गाडीचा नंबर टिपायला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग खाली बघायला लागला.

"अहो काका, तुमची गाडी माझ्या गुडघ्यांवर फुंकर घालतेय. आणि तीही गरम!"

हे सुनेनं ऐकलं. ती दार उघडून उतरली, पुढे आली आणि हवालदाराच्या शेजारी उभी राहिली. माझा वारा तिच्या पायांना लागला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला कळलं.

तिला कळणारच. मागे बाबांनी स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकायचा पंखा बसवला होता. तो शेजाऱ्यांचा धूर आत आणायचा. बाबा बाहेर गेलेले बघून तिनं गुपचूप वायरमन बोलावून तो सरळ करून घेतला होता. तिनंच हे एकदा बाळ्याला गाडीत सांगितलं होतं, आणि "बाबांना बोलू नका" म्हणाली होती.

पण इथे बाबा बाहेर गेलेले नव्हते. समोरच होते. आणि रस्त्यावर, परक्या माणसासमोर.

तिनं पुढच्या काचेतून मागे बघितलं. वरच्या मजल्यावरचं एक साखरेचं फूल हळूहळू खाली सरकत होतं. तिनं बाबांकडे बघितलं. ते स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसले होते.

बाळ्या खाली उतरून कुजबुजला, "बर्फ्याला फोन लावू?"

ती बाबांच्या खिडकीशी गेली. "बाबा, जरा पुढे येता?"

"का?"

"तिथे उभं राहून बघा. मला वाटतंय तेच तुम्हाला वाटतंय का, ते सांगा. मला एकटीला कळत नाहीये."

बाबा उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या विजारीचे पाय फडफडायला लागले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि जाळीसमोर धरला. आत वारा ओढला जात असता तर रुमाल जाळीला चिकटला असता. तो बाबांच्या अंगावर आला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा अंगावर आला.

ते बराच वेळ तसेच उभे होते. मिशी तेवढी हलत होती, तीही माझ्या वाऱ्यानं.

"म्हणजे बाबा, पंखा उल..." बाळ्यानं तोंड उघडलं. सुनेनं त्याच्या पायावर पाय दिला. "उत्तम आहे," तो म्हणाला.

"इंजिन बंद कर," बाबा म्हणाले. पकड त्यांच्या खिशात होतीच.

बॉनेट उघडलं. खाली सगळं तापलेलं. बाबांनी हात घातला, चटका बसला, हात काढला नाही. त्यांनी काळी पट्टी सोडवली. सून मागे धावली. हवालदारानं काय चाललंय ते विचारलं नाही. त्यानं बाजूला काढून ठेवलेलं केकच्या खोक्याचं झाकण उचललं आणि मागच्या दारातून वारा घालू लागला. एका हातानं वाहतूक, दुसऱ्या हातानं केक.

बाबांनी ह्या तारेच्या जागी ती तार जोडली; तारा बदलल्या की माझी मोटर फिरायची बाजू बदलते. पट्टी गुंडाळली. किल्ली फिरवली.

मला वाटलं, जगच उलटं झालं. जो वारा मी ह्या गाडीत आल्यापासून ढकलत होतो तो माझ्या अंगावरून मागे जाऊ लागला. चाळण गार व्हायला लागली. शेजारी काही बोलला नाही. तेवढा तो समजूतदार आहे, हे मी मान्य करतो.

बाबांनी रुमाल धरला. तो जाळीला जाऊन चिकटला.

"कुणी बसवला होता हा पंखा?" बाबा मोठ्यानं म्हणाले. "गाढव असला पाहिजे."

बाळ्या आकाशाकडे बघायला लागला. सून केककडे.

हवालदार म्हणाला, "अगदी बरोबर बोललात, काका. असल्या माणसाच्या हातात पकड देऊच नये."

बाबांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. "तुम्ही वाहतूक बघा," ते म्हणाले.

तोवर ट्रक हलला होता. हवालदारानं रस्ता मोकळा करून दिला. नंबर टिपायचा राहून गेला, की त्यानं राहू दिला, ते मला माहीत नाही.

सभागृहाच्या दारात मालक उभेच होते. केक बाहेर निघाला. उभा होता. पण वरचा मजला किंचित डावीकडे कलला होता, टोपी तिरकी घातल्यासारखा. घसरलेलं फूल सुनेनं मधल्या मजल्यावरच बसवून टाकलं होतं.

मालकांनी मान कलती करून बघितलं. "हा असाच आहे का?"

सून काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हो. हल्लीची पद्धत आहे."

मालकांनी केकभोवती एक फेरी मारली. मग बाबांच्या भाजलेल्या हाताकडे बघितलं. मग सुनेला म्हणाले, "पुढच्या वेळी सरळ आणा."

सुनेला पहिल्यांदा फक्त 'सरळ' ऐकू आलं. 'पुढच्या वेळी' तिला गाडीत बसल्यावर ऐकू आलं. ती एकदम हसली आणि मग रडली. बाळ्या घाबरला. बाबांनी एसी वाढवला.

परतताना बाबा सरळ रस्त्यानं निघाले, सिग्नलवाल्या. मग ते समोर बघत म्हणाले, "स्वयंपाकघरातला पंखा तू सरळ करून घेतलास."

सून मागून पुढे वाकली. "तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"धूर येईनासा झाला. मला नाक आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. मी कशाला बोलू?"

पुढे सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. बाबा म्हणाले, "बाळ्याची आई होती तोवर तोंडावर सांगायची. चारचौघांत सांगायची. मला राग यायचा. पण घरातला धूर बाहेर जायचा." मग म्हणाले, "पुढच्या वेळी तोंडावर सांग."

"आत्ताच सांगू का मग? न्हाणीघरातला नळ..."

"गाडी चालवताना नको."

"बाबा, गाडी थांबलीय."

बाबांनी सिग्नलकडे बघितलं. तो लालच होता. "सांग," ते म्हणाले.

तिनं सांगितलं. सिग्नल हिरवा झाला तरी ती सांगत होती.

आता माझं म्हातारपण आलं आहे. दोन पात्यांना बारीक चिरा पडल्या आहेत, मोटर सुरू होताना जरा खोकते. सुनेचं दुकान झालं आहे, तिथली गाडी नवी आहे, तिला नवा पंखा आहे. मी अजून बाबांच्याच गाडीत. घरात ते अजून सगळं दुरुस्त करतात. मात्र झालं की हाक मारतात, "सूनबाई, बघून जा." ती पिठाच्या हातानं येते आणि बघते. बरोबर असलं तर "हं" म्हणते. बाबांना तेवढं पुरतं.

माझी एकच विनंती आहे. गाडी उभी राहिल्यावर गरम हवा येत असेल तर गॅसला, पट्ट्याला, कॉम्प्रेसरच्या वयाला शिव्या देण्याआधी माझ्याकडे या. आणि मी फिरतोय एवढं बघून पुढे जाऊ नका. समोर रुमाल धरा. फिरणारा प्रत्येकजण बरोबर बाजूलाच फिरतो असं नाही, आणि जो फिरतो त्याला ते आतून कळत नाही. मला कळलं नव्हतं. पण मी कामचुकार नव्हतो, हेही लिहून ठेवा.

बाबा हल्ली पिवळा दिवा दिसला तरी थांबतात. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. बाबा हलत नाहीत. एसीच्या झरोक्यासमोर हात धरून बसतात. गाडी उभी असते, ऊन रणरणत असतं, सगळा भार माझ्यावर असतो, आणि आत गार असतं.

"काका, चला की!" मागून कुणीतरी ओरडतं.

"थांब रे," बाबा म्हणतात. "घाई काय आहे?"